शिक्षा नेमकी संपते कधी?

हरियाणातील एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याला कधीकाळी २० रुपयांचा दंड झाला होता. गुन्हा होता सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तनाचा, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील कलम २९४ खालचा. त्याने न्यायालयात आरोप कबूल केला, दंड भरला आणि प्रकरण मिटले असे समजून तो आपल्या कामाला लागला. पुढे नोकरीत कायम करण्याच्या वेळी त्याच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी झाली, तो जुना दंड कागदावर आला आणि त्याची नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तेवढ्यावर न थांबता संसदेलाही एक सूचना केली. किरकोळ गुन्ह्यांत साधारण २ हजार रुपयांपर्यंतचा दंड झाला असेल, तर शासकीय नोकरीत प्रवेश मिळण्याच्या किंवा ती टिकण्याच्या दृष्टीने ती दोषसिद्धी मानू नये, असा कायदा करण्याची वेळ आली आहे, असे न्यायालयाने म्हटले. दंड भरून मोकळे होण्यासाठी माणसे गुन्हा कबूल करतात आणि त्या कबुलीचे पुढे काय परिणाम होतील याची त्यांना कल्पनाही नसते, हेही त्या निकालपत्रात नोंदले आहे.

असा कायदा आजतागायत झालेला नाही. न्यायालयाने सहज उदाहरणादाखल घेतलेला २ हजारांचा आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खाली, मद्यपान करून वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी त्या काळी असलेली दंडाची कमाल मर्यादा नेमकी तेवढीच होती. १ सप्टेंबर २०१९ पासून हा दंड १० हजार रुपये झाला. त्याच्या जोडीला किंवा त्याऐवजी सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. दुसऱ्यांदा सापडल्यास १५ हजार रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्त्यावर रोज सांडणाऱ्या रक्ताकडे पाहता ही वाढ योग्यच म्हणावी लागेल. प्रश्न त्यापुढचा आहे. कायद्याने सांगितलेली शिक्षा भोगून झाल्यावर, कायद्यात कुठेही न लिहिलेली जी दुसरी शिक्षा सुरू होते, तिची मुदत कोणी ठरवायची?

हा प्रश्न कुठे सर्वाधिक टोचतो हे पाहायचे तर नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या भिलाईकडे पाहावे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभा राहिलेला आणि १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटलेला हा पोलाद कारखाना. देशभरातील रेल्वेचे रूळ प्रामुख्याने इथेच तयार झाले. आंध्र, बंगाल, केरळ, ओडिशा, पंजाब आणि आपल्या विदर्भातून आलेल्या कुटुंबांनी हे शहर वसवले. भिलाईच्या सेक्टरांत आज मराठी घरांची तिसरी पिढी नांदते आहे. पहिल्या पिढीसाठी कारखान्यातील कायम नोकरी हे आयुष्याचे अधिष्ठान होते. तिसऱ्या पिढीच्या वाट्याला तशा जागा फार थोड्या येतात. उरते ते ठेकेदाराकडचे काम, खासगी सुरक्षारक्षकाची किंवा वाहनचालकाची नोकरी, रेल्वे, निमलष्करी दले आणि राज्य पोलिसांच्या भरतीची तयारी. यांतील जवळपास प्रत्येक वाटेवर चारित्र्य पडताळणीचा दरवाजा आहे.

अशा शहरातील एक बावीस-तेवीस वर्षांचा, आयटीआय झालेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्याने दारू घेतली, रात्री दुचाकीवरून घरी निघाला आणि सुपेल्याजवळच्या नाकाबंदीत अडकला. श्वास तपासणी यंत्राने आकडा दाखवला. रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे. त्याचे प्रमाण तिच्यापेक्षा जास्त निघाले. कोणाला धक्का लागला नाही, कोणी जखमी झाले नाही. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, वडिलांकडून उसने घेऊन १० हजार रुपये भरले, परवाना काही महिन्यांसाठी गमावला. हा मुलगा आपण कल्पनेने उभा केला आहे. परंतु दोन वर्षांनी नोकरीच्या उंबरठ्यावर त्याच्यासमोर जो कागद येईल, तो मात्र खरा आहे.

केंद्र सरकारच्या नोकरीत निवड झालेल्या उमेदवाराला साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात ओळीने प्रश्न असतात: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला चालला आहे का? न्यायालयाने तुम्हाला कधी दंड केला आहे का? कोणत्याही गुन्ह्यासाठी न्यायालयाने दोषी ठरवले आहे का? या प्रश्नांमधील ‘कधी’ आणि ‘कोणत्याही’ हे दोन शब्द निर्णायक आहेत. गुन्हा कोणता, किती वर्षांपूर्वीचा, मिळणाऱ्या कामाशी त्याचा काही संबंध आहे की नाही, याची विचारणा नाही. शेजारीच ताकीद असते की खोटी किंवा अपुरी माहिती दिल्यास उमेदवार अपात्र ठरेल. म्हणजे आपल्या मुलासमोर दोन पर्याय उरतात. खरे लिहिले तर नाव वगळले जाण्याची भीती, आणि लपवले तर पकडले गेल्यावर नोकरीबरोबर अब्रूही जाण्याची खात्री.

इथे एक तांत्रिक वाटणारा मुद्दा समजून घेतला पाहिजे. वाहतुकीचे बहुतेक गुन्हे तडजोड शुल्क भरून जागेवर मिटवता येतात. हेल्मेट नसणे, सिग्नल तोडणे, वेगमर्यादा ओलांडणे यांचे चालान भरले की विषय संपतो. न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. तडजोडयोग्य गुन्ह्यांची ही यादी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०० मध्ये आहे आणि तीत कलम १८५ चा समावेश नाही. त्यामुळे मद्यपी चालकाला न्यायालयातच जावे लागते. तिथे भरलेला पैसा हा ‘चालान’ राहत नाही, ती दोषसिद्धी होते. रांगेत उभ्या असलेल्या सामान्य माणसाला हा फरक माहीत नसतो. त्याच्या लेखी दोन्ही दंडच. पुढे ‘न्यायालयाने कधी दंड केला आहे का’ या प्रश्नासमोर तो अडखळतो, तेव्हा त्याला या फरकाची किंमत कळते.

पूर्वी अशी नोंद न्यायालयाच्या दप्तरात धूळ खात पडायची. आता खटल्यांची माहिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येते. पोलीस ठाणी एका संगणकीय जाळ्यात जोडली गेली आहेत. खासगी कंपन्यांसाठी उमेदवारांची पूर्वपीठिका तपासून देणाऱ्या संस्थांचा वेगळा व्यवसायच उभा राहिला आहे. न्यायव्यवस्था पारदर्शक झाली हे चांगलेच झाले. पण माणसांच्या स्मृतीला जी नैसर्गिक विस्मृती होती, ती यंत्राच्या स्मृतीला नाही. १९९६ मध्ये न्यायालयाने ज्या अडचणीकडे बोट दाखवले, ती त्यानंतरच्या काळात कमी न होता अधिक कायमस्वरूपी झाली आहे.

नोकरीत असलेल्या माणसाबाबत कायदा इतका आंधळा नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला विभागीय चौकशीविना बडतर्फ करता येते. परंतु १९८५ मध्ये, दिल्लीतील दूधपुरवठा योजनेच्या एका कारकुनाच्या प्रकरणात, सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने या अधिकाराला विवेकाची मर्यादा घातली. शिक्षा करण्याच्या अधिकारात न्याय्य वागण्याचे कर्तव्य अंतर्भूत असते, हे त्या निकालाचे सार. मनाई असलेल्या जागी स्कूटर उभी केली म्हणून दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्याला कोणी बडतर्फ करू नये, असे साधे उदाहरण त्यात दिलेले आहे. पुण्यात जन्मलेल्या या न्यायमूर्तींनी तेव्हा मांडलेले प्रमाणबद्धतेचे तत्त्व आजही तितकेच लागू आहे.

याच तत्त्वाची दुसरी बाजू जानेवारी २०२२ च्या एका निकालात दिसते. उत्तर प्रदेशच्या प्रांतिक सशस्त्र पोलीस दलाचा एक चालक कुंभमेळ्याच्या बंदोबस्तासाठी निघालेल्या जवानांचा ट्रक दारूच्या अंमलाखाली चालवत होता आणि अपघात झाला. हानी मोठी झाली नाही, म्हणून दया दाखवावी, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. मोठा अनर्थ टळला तो केवळ नशिबाने, असे न्यायालयाने सुनावले. तरीही त्याची सुमारे पंचवीस वर्षांची सेवा आणि इतर परिस्थिती पाहून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती ही शिक्षा पुरेशी मानली. चालकाचे काम, कर्तव्यावर असताना दारू आणि मागे बसलेल्या जवानांचा जीव, असे सगळे एकत्र असतानाही न्यायालयाने अपराधाचे आणि शिक्षेचे माप जुळवून पाहिले. अखेर त्या कुटुंबाच्या हाती निवृत्तीचे लाभ राहिले.

नोकरी शोधणाऱ्याच्या वाट्याला ही तोलामापाची संधीच येत नाही. नोकरीतल्या माणसाला नोटीस मिळते, उत्तर देता येते, अपील करता येते. उमेदवाराला बहुतेक वेळा फक्त मौन मिळते. त्याचे नाव यादीतून गळते आणि कारण कोणी सांगत नाही. ठेकेदाराला तर कारण द्यावेच लागत नाही. पडताळणीचा कागद स्वच्छ असलेले दहाजण दाराशी उभे असताना अकराव्याच्या कागदावरचा शेरा वाचून विचार करण्याची त्याला गरजही नसते. कामगार कायद्यांनी जी सुरक्षितता दिली, ती दाराच्या आत आलेल्यांना. दाराबाहेर थांबलेल्याला तिचा उपयोग नाही.

सर्वोच्च न्यायालयाने यावर काही प्रमाणात उपाय शोधला. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. तरुण वयातील घोषणाबाजीसारखा क्षुल्लक गुन्हा कोणी लपवला असेल, तर नियोक्ता तो नजरेआड करू शकतो, असे त्यात म्हटले आहे. पण त्याच निकालात हेही आहे की उमेदवाराने निकाली निघालेल्या खटल्याची माहिती प्रामाणिकपणे दिली, तरी नियोक्त्याला पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार राहतो. नेमणूक देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. निर्णय अखेर अधिकाऱ्याच्या विवेकावर. आणि विवेक वापरण्यात जोखीम असते, नकार देण्यात ती नसते. उद्या काही विपरीत घडले तर ‘तुम्ही याला घेतलेच कसे’ असे विचारले जाईल. ‘याला का नाकारले’ असे कोणीही विचारणार नाही. फाइलवर सही करणारा अधिकारी मग काय निवडेल हे सांगायला नको.

नियमांमध्ये वारंवार येणारा ‘नैतिक अधःपतन’ हा शब्दही या संदिग्धतेत भर घालतो. कोणत्या गुन्ह्यात नैतिक अधःपतन आहे याची यादी संसदेच्या कोणत्याही कायद्यात नाही. चोरी, फसवणूक, लाच यांबाबत मतभेद नाहीत. मद्यपान करून वाहन चालवणे या वर्गात येते का? एका कार्यालयात ‘हो’, दुसऱ्यात ‘नाही’. एकाच शहरातील, एकाच रात्री पकडलेल्या दोघांचे भवितव्य अशा वेळी त्यांच्या अर्जावर कोणाची सही होणार यावर ठरते. याला कायद्याचे राज्य म्हणता येत नाही.

यावर एक सडेतोड आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याबद्दल इतका कळवळा कशासाठी? २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. सरकारी वर्गीकरणात मद्यपानाचा वाटा काही टक्क्यांचाच दिसतो. परंतु अपघातानंतर प्रत्येक चालकाची तपासणी होते कुठे? १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्रे येथील कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेले सात मजूर एका मद्यपी चालकाच्या मोटारीखाली मेले. चालकाची तीन वर्षांची कैद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. त्या मजुरांना कोणत्याही नोकरीसाठी पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. मद्यपी चालकाच्या हातातील वाहन हे भरलेले शस्त्र आहे आणि गोळी सुटली नाही हा त्याचा सद्गुण नव्हे, ही भूमिका योग्य आहे. पोलादाच्या गावाला तर ती अधिक समजते. वितळलेला धातू, क्रेन आणि वायुवाहिन्यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्याची शुद्ध हा तिथे शेजारच्या कामगाराच्या जिवाचा प्रश्न असतो.

म्हणूनच शिक्षा सौम्य करा, असे इथे सुचवायचे नाही. शिक्षा निश्चित हवी, झटपट हवी आणि ती सुकाणूशी जोडलेली हवी. ज्याने वाहनाच्या बाबतीत विश्वास गमावला, त्याच्याकडून वाहन काढून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अशा चालकांचे परवाने किमान तीन महिने निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. त्यांची अंमलबजावणी काटेकोर व्हावी. दुसऱ्यांदा सापडलेल्याला सूट नको. कोणाला इजा झाली असेल तर हा लेख त्याच्यासाठी नाही. शाळेची बस, रुग्णवाहिका, टँकर किंवा क्रेन चालवण्याच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याला जुना गुन्हा विचारलाच पाहिजे. पण ज्याला कार्यालयात लिपिक व्हायचे आहे, विद्युत पंप दुरुस्त करायचे आहेत किंवा दुकानात हिशेब लिहायचा आहे, त्याच्या पाच वर्षांपूर्वीच्या दुचाकीवरील एका रात्रीचा त्या कामाशी संबंध काय?

कामाशी संबंध आणि काळाची मर्यादा, या दोन कसोट्या आपल्याकडे अगदीच अपरिचित आहेत असेही नाही. ॲपवरून टॅक्सी पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत मागील सात वर्षांत मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल दोषी ठरलेल्याला चालक म्हणून घेऊ नये, असे होते. गुन्हा नेमका, काम त्याच्याशी निगडित आणि मुदत मोजलेली. मग विसंगती पाहा: ज्या कामात प्रवाशांचा जीव चालकाच्या हाती असतो, तिथे सात वर्षांनी दार उघडू शकते, आणि ज्या सरकारी टेबलावर वाहनाचा संबंधही नाही, तिथे ‘कधी’ या शब्दाला अंत नाही.

लोकप्रतिनिधींना लावलेले माप तर यापेक्षा बरेच उदार आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ मध्ये काही ठरावीक गुन्हे स्वतंत्रपणे मोजले आहेत. ते वगळता, किमान दोन वर्षांची शिक्षा झाली तरच आमदार किंवा खासदार अपात्र ठरतो. मद्यपान करून वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला कमाल शिक्षाच सहा महिने. त्यामुळे या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस विधानसभेत बसून सुरक्षारक्षक भरतीचे नियम करू शकतो, पण सुरक्षारक्षक होण्यासाठी अर्ज करताना त्याला धाकधूक वाटेल. शिवाय आमदाराची अपात्रताही सुटकेनंतर सहा वर्षांनी संपते. राज्यकर्त्याच्या डागाला कायद्याने मुदत दिली आणि फिटरच्या डागाला ती नाकारली, हे कोणत्या तत्त्वात बसते?

इंग्लंडने हा प्रश्न १९७४ च्या अपराध्यांच्या पुनर्वसनाच्या कायद्याने सोडवला. ठरावीक मुदत निष्कलंक गेली की जुनी दोषसिद्धी ‘संपलेली’ मानली जाते आणि सर्वसाधारण नोकरीच्या अर्जात ती सांगण्याचे बंधन राहत नाही. मद्यपी चालकाच्या परवान्यावरील शेरा तिथे अकरा वर्षे राहतो. नोकरीच्या बाबतीत मात्र तो साधारण पाच वर्षांनी संपतो. रस्त्याची स्मृती लांब, रोजगाराची आखूड, असा हा भेद विचारपूर्वक केलेला आहे. आपल्याकडेही बालन्याय अधिनियम, २०१५ ने अल्पवयीनांच्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता सर्वसाधारणपणे दूर केली आणि नोंदी नष्ट करण्याची सोय केली. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जो विवेक कायद्याला सुचतो, तो दुसऱ्या दिवशी पूर्णपणे हरपतो.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांच्या बाबतीत जग आणखी कठोर झाले आहे, हेही भिलाईच्या घराघरांतून अभियांत्रिकीकडे निघालेल्या मुलांना कळलेले बरे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते २०१५ पासून, मागील पाच वर्षांत मद्यपी चालक म्हणून नुसती अटक झाली असली, तरी व्हिसा रद्द करू शकते. दोष सिद्ध होण्याची वाट पाहिली जात नाही. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे करून तो स्थलांतराच्या दृष्टीने गंभीर गुन्ह्यांत नेऊन ठेवला. इतर देशांनी आपले दार कसे राखावे हा त्यांचा प्रश्न. आपल्या नागरिकासाठी घरचे दार केव्हा उघडायचे, हे मात्र आपणच ठरवायचे आहे.

छत्तीसगडच्या बाबतीत राज्याच्या जबाबदारीचा आणखी एक पदर आहे. १ एप्रिल २०१७ पासून तिथे दारूची किरकोळ विक्री राज्य सरकारचे महामंडळ करते. दुकान सरकारचे, गल्ला सरकारचा, नाकाबंदी सरकारची आणि भरतीचा अर्जही सरकारचा. यातून पिणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. परंतु विक्रीतून महसूल घेणाऱ्या राज्याने घसरलेल्याला परत उभे करण्याचा खर्चही सोसला पाहिजे. याच दुर्ग-भिलाईच्या परिसरात त्याचे एक जुने उदाहरण आहे. १९६० च्या दशकात भिलाई पोलाद कारखान्यातील नोकरी गमावलेले शंकर गुहा नियोगी पुढे दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिज खाणीत मजुरांचे नेते झाले. वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाते आहे हे पाहून त्यांच्या संघटनेने दारूबंदीची मोठी मोहीम उभारली. त्यात स्त्रिया पुढे होत्या. कामगारांच्याच श्रमातून १९८३ मध्ये तिथे शहीद रुग्णालय उभे राहिले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. दारू सोडवायची तर माणसाला काम, समूह आणि प्रतिष्ठा यांच्याशी बांधून ठेवावे लागते, ही त्या चळवळीची शिकवण. पिणाऱ्याचे काम काढून घेणे हा व्यसनमुक्तीचा मार्ग नाही. तो त्याला पुन्हा गुत्त्याकडे ढकलण्याचा मार्ग आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट संसदेची. १९९६ ची सूचना आता आकडा बदलून अमलात आणावी. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदींमधील फौजदारी शिक्षा रद्द किंवा सौम्य केल्या. व्यवसाय सुलभ व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. उद्योजकाला मिळालेल्या विश्वासाचा काही अंश नोकरी शोधणाऱ्यालाही मिळावा. कोणालाही इजा न झालेल्या, केवळ दंडावर संपलेल्या पहिल्या गुन्ह्यानंतर तीन वर्षे निष्कलंक गेली, तर वाहन किंवा अवजड यंत्र चालवण्याच्या नोकऱ्या सोडून इतरत्र ती दोषसिद्धी विचारात घेऊ नये. चालकांसाठी ही मुदत सात वर्षे ठेवावी.

दुसरी गोष्ट सरकारी छापखान्याची, आणि तिला संसदेचीही गरज नाही. साक्षांकन नमुन्यातील ‘कधी’ हा शब्द काढावा. कालमर्यादा आणि गुन्ह्याचे स्वरूप स्पष्ट विचारावे. नाकारलेल्या उमेदवाराला लेखी कारण द्यावे आणि म्हणणे मांडण्याची एक संधी द्यावी. पडताळणीच्या कागदावर तडजोडीने मिटलेले चालान, केवळ दंडाची दोषसिद्धी आणि कारावासाची दोषसिद्धी हे तीन वेगळे रकाने असावेत. राज्य सरकारे आपल्या भरतीपुरता हा बदल उद्याही करू शकतात. दारूची दुकाने स्वतः चालवणाऱ्या छत्तीसगडने तो सर्वांत आधी करावा.

तिसरी गोष्ट न्यायालयांची. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ हा जुना, चांगला आणि फारसा न वापरलेला कायदा आहे. त्याच्या कलम १२ नुसार, परिवीक्षेवर सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. कोणाचा बळी गेला असेल अशा अपघातात परिवीक्षा देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच बजावले आहे. इजा न झालेल्या पहिल्या गुन्ह्यात मात्र, परवाना निलंबन आणि व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या अटीसह तिचा विचार व्हायला हरकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणाऱ्याला सामुदायिक सेवेची शिक्षा देण्याची सोय केली. मद्यपी चालकाने काही आठवडे अपघात विभागात स्ट्रेचर ओढले, तर १० हजारांच्या पावतीपेक्षा ते त्याच्या अधिक लक्षात राहील. आणि निदान एवढे तरी व्हावे की आरोपी ‘गुन्हा कबूल’ म्हणण्यापूर्वी, त्या दोन शब्दांचा नोकरीवर काय परिणाम होऊ शकतो, हे न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला त्याच्या भाषेत सांगावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, कबुलीमुळे देश सोडावा लागू शकतो हे परदेशी आरोपीला समजावणे वकिलाचे कर्तव्य ठरवले. आपल्याकडे तर अशा रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांसोबत वकीलही नसतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये एका भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा अल्पवयीन होता. जामिनासाठी त्याला निबंध लिहायला सांगितल्याने देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याचे आरोप झाले. अशा प्रकरणांनंतर कायदा अधिक कडक करण्याची मागणी होते आणि ती समजण्यासारखी असते. पण कडकपणाचा भार कुठे पडतो हेही पाहावे लागेल. ज्याच्या घरी स्वतःचा उद्योग आहे, त्याला साक्षांकन नमुना कधीच भरावा लागत नाही. तो भरतो सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये वाढलेला, आजोबांच्या नोकरीच्या गोष्टी ऐकलेला, तिसऱ्या पिढीचा मुलगा. त्याने चूक केली आणि तिची शिक्षाही त्याला झाली पाहिजे. फक्त ती शिक्षा न्यायालयाने दिलेली असावी, मोजलेली असावी, आणि एका ठरलेल्या दिवशी संपणारी असावी.